गाल्रितो मिस्त्रींची खूण

रोसिओ चौकात नवा आलेला माणूस आधी वर बघतो. मधोमध उंच खांब आहे, खांबावर राजा उभा आहे. तो राजा आमचाच, की दुसऱ्याच कुठल्या देशाचा पुतळा पडून होता तो वर चढवून दिला, यावर लिस्बनमध्ये पिढ्यानपिढ्या वाद चालू आहे. इतक्या उंचावरचं नाक कुणालाच धड दिसत नाही, तेव्हा तो मिटायचाही नाही. मी बूटपॉलिशवाला. माझी नजर खाली.

खाली समुद्र आहे. काळ्या-पांढऱ्या दगडांच्या लाटा, एका कारंज्यापासून दुसऱ्या कारंज्यापर्यंत. फरशी अगदी सपाट, पण जहाजावरून उतरलेल्या खलाशाचेही पाय इथे अडखळतात. पहिल्यांदा या लाटा किल्ल्यावरच्या कैद्यांनी बसवल्या. त्याच्या आधी जवळजवळ शंभर वर्षं भूकंपानं सगळा भाग आडवा केला होता, मग इमारती पुन्हा उभ्या केल्या त्या एका उंचीच्या, एका रांगेत, प्रार्थनेला उभ्या राहिलेल्या शाळेतल्या पोरांसारख्या. त्या सरळ रेषांचा कंटाळा आला म्हणूनच कुणीतरी जमिनीवर लाटा काढल्या असणार, असं माझं मत. माझं मत कुणी विचारत नाही, म्हणून इथेच सांगून टाकतो.

या लाटांची डागडुजी करण्यात ज्यांचा जन्म गेला त्या अल्बेर्तिनो गाल्रितोंना सगळे मिस्त्री म्हणतात. बुटका माणूस, रुंद खांदे, आणि गुडघे पार गेलेले. फरसबंदीचं काम बसून करायचं असतं. वीतभर उंचीचा पाट, डाव्या तळहातात दगड, उजव्या हातात हातोडी. एक टोला, दोन टोले, की दगडाला हवा तो कोन येतो. मिस्त्रींना दुसरा टोला क्वचितच लागायचा. फरसबंदीच्या शाळेत नव्या पोरांना अजूनही त्यांचंच काम दाखवतात.

मी एकोणीसशे अठ्ठ्याऐंशीत कारंज्याजवळ पेटी मांडली, तेव्हापासून बघतोय. मिस्त्री कामावर असोत, सुट्टीवर असोत, पुढे निवृत्त झाले तरी, दुपारी चारला चौकात हजर. कोपऱ्यावर उभ्याउभ्या एक बिका घ्यायची, म्हणजे आमची घोटभर काळी कॉफी, मग कारंज्याच्या कडेनं चालत यायचं, माझ्या पेटीपासून दोन पावलांवर थांबायचं, खाली बघायचं आणि निघून जायचं.

आता या लोकांची एक जुनी रीत आहे. तुकडा पुरा झाला की कारागीर आपली एक खूण दगडांत सोडून जातो. कुणी बदाम सोडतो, कुणी मासा, कुणी बायकोच्या नावाचं अक्षर. मुकादमाला दिसू नये, पण आपल्याला सापडावी, अशा बेताच्या जागी. गाल्रितोंची खूण रोसिओत आहे, असं सगळे फरसबंदीवाले म्हणायचे. कुठे, ते एकालाही ठाऊक नव्हतं. आणि मला एखादी गोष्ट ठाऊक नसली की जेवण जात नाही.

"मिस्त्री, मासा आहे का?"

"कसला मासा?"

"तुमची खूण हो. इथेच आहे म्हणतात."

"म्हणणाऱ्यांचं तोंड कोण धरणार? ब्रश मार, गिऱ्हाईक ताटकळलंय."

"बदाम?"

"सेफेरिनो, तुझी आई तुला लहानपणी बोलू देत नव्हती का रे?"

एवढंच. मी रविवारी सकाळी चौक रिकामा असताना गुडघ्यांवर बसून शोधलं. एकदा पोलिसानं हटकलं. एकदा एका जर्मन बाईनं दया येऊन हातावर नाणं ठेवलं, ते मी घेतलंही. खूण काही सापडली नाही.

दोन हजार एकोणीसच्या मार्चमध्ये कारंज्यापासून चौकाच्या टोकाच्या नाट्यगृहापर्यंत पाण्याचा नळ बदलायचं ठरलं. तेवढ्या लाटा उखडून पुन्हा बसवायच्या होत्या. कामावर मुकादम म्हणून तेल्मा आली. वय चाळीसच्या आतबाहेर, कमरेला टेप, पायात धुळीनं पांढरे पडलेले चामडी बूट.

"बाई, बूट रडतायत तुमचे," मी म्हटलं.

"रडू देत. मला लाटा बसवायच्यात, लग्नाला नाही जायचंय."

चार वाजता मिस्त्री कोपऱ्यावरच्या कॉफीच्या दुकानातून कपबशी हातात घेऊनच बाहेर आले. तेल्मानं त्यांना हाक मारली. जुने लाकडी साचे किडीनं खाल्ले होते. साच्याशिवाय लाट काढता येत नाही. आधी साचा मांडायचा, त्याच्या कडेनं काळे दगड, मग पांढरे. तेव्हा फरशीवरूनच नवा साचा उतरवून घ्यायचा होता.

"सोमवारी कापतोय," ती म्हणाली. "आणि तुमच्या तुकड्यावरून, मिस्त्री. कारंज्याजवळच्या. त्याच्याइतकं साफ काम अख्ख्या चौकात नाही. इथून नाट्यगृहापर्यंत सगळ्या लाटा तुमच्यासारख्या होतील."

मिस्त्रींची कॉफी बशीत सांडली.

"दुसरा घ्या एखादा तुकडा."

"का?"

"असंच."

"लाजताय काय एवढे! या वयात!"

बाकीचे कामगार हसले. मिस्त्री हसले नाहीत. कपबशी माझ्या खुर्चीवर ठेवून ते तसेच निघून गेले. दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, चार वाजले, साडेचार वाजले, मिस्त्री आलेच नाहीत. एकतीस वर्षांत असं झालं नव्हतं. मला चक्क भीती वाटली.

शनिवारी सकाळीच आले आणि थेट माझ्या गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसले. पायात कापडी जोडे. त्यांना काय पॉलिश करणार?

"खूण नाहीये," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"मी कधी खूण सोडलीच नाही. आहे ती चूक आहे."

मग सांगितलं. एकोणऐंशी साल, मिस्त्री सव्वीस वर्षांचे. ते कारंज्याकडून येत होते, त्यांचा जोडीदार खांबाकडून. साचा एका अंगानं मांडला की लाट जाते, उलटा केला की परत फिरते. दुपारी भाजलेले सार्डिन मासे झाले, वर वाइन झाली, आणि जेवण करून आल्यावर मिस्त्रींनी साचा आपण आखलेल्या रेघेवर न ठेवता जोडीदाराच्या रेघेवर ठेवला.

"संध्याकाळी पाणी मारलं तेव्हा दिसलं. पांढरी लाट वीतभर बारीक, काळी वीतभर जाड. तेव्हाचा मुकादम टेप लावायचा नाही, नजरेनंच बघायचा. म्हणाला, शाबास गाल्रितो. मी गप्प बसलो. दुसऱ्या दिवशी सांगू म्हटलं. मग पुढच्या आठवड्यात. मग लोक मला मिस्त्री म्हणायला लागले."

"आणि रोज चार वाजता?"

"कुणाच्या लक्षात आलं का, ते बघायला येतो. चाळीस वर्षं झाली."

खरं सांगतो, मला आधी रागच आला. मी गुडघे सोलून मासा शोधत होतो! मग त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि राग गेला.

"बोललो तर नाव जाईल," ते म्हणाले. "शाळेतली पोरं काय म्हणतील? आणि नाही बोललो तर एका चुकीच्या तीस चुका होतील. सगळ्या माझ्याच नावाच्या."

"पण आहे कुठे ती?"

त्यांनी काठीनं माझ्या पेटीखाली दाखवलं.

मला हसू आवरेना. "ही? मिस्त्री, ही मला पहिल्याच आठवड्यात दिसली होती!"

पांढऱ्या दगडावर काळ्या पॉलिशचा थेंब पडला की तो जन्मात निघत नाही, आणि चौकातले सगळे मलाच शिव्या घालतात. म्हणून पेटी काळ्या लाटेवर मांडायची. पण चौकभर काळी लाट अरुंद. पेटी मावते तर डबे बाहेर जातात, डबे मावतात तर गिऱ्हाइकाचा पाय पांढऱ्यावर येतो. सगळं मावेल अशी जागा मला एकच सापडली होती.

"मला वाटायचं, कुणीतरी भल्या माणसानं बूटपॉलिशवाल्यांसाठी लाट मुद्दाम फुगवलीय. रोज सकाळी पेटी ठेवताना त्याचं भलं होवो म्हणायचो."

"एकतीस वर्षं? आणि बोलला नाहीस?"

"तुम्ही तरी कुठे विचारलंत?"

मिस्त्रींनी काठी टेकून पेटीखालची ती लाट एकदा वाकून बघितली. उठताना एवढंच म्हणाले, "मूर्ख आहेस." कुणाला म्हणाले, ते मला अजून कळलेलं नाही.

सोमवारी साचेवाला सुतार फळी घेऊन आला, तेव्हा मिस्त्री आधीच उभे होते. आठ-दहा कामगारांच्या देखत त्यांनी टोपी काढली आणि सगळं सांगितलं. हातोड्या थांबल्या. त्यांच्याबरोबर काम केलेला एक म्हातारा पुटपुटला, "गाल्रितो, तू?" तेल्मानं वाकून टेप लावला, दोनदा लावला.

"वीस सेंटिमीटर," ती म्हणाली. "साचा दुसरीकडून घेऊ." मग टेप गुंडाळत, वर न बघता: "हा तुकडा उखडायचाच आहे. तुम्ही स्वतः येऊन बसवा. नीट."

तीन आठवडे नळाचं काम चाललं. मी पेटी नाट्यगृहाजवळ हलवली. तिथे वारा फार आणि गिऱ्हाइकं थोडी. मग एका सकाळी मिस्त्री आपली जुनी हातोडी घेऊन आले. दोघांनी दोन्ही बगलांत हात घालून त्यांना पाटावर बसवलं. पहिल्या दिवशी त्यांनी मान खाली घालून नुसतं काम केलं. एक टोला, एक दगड. तरणी पोरं काम सोडून बघत होती. त्यांच्या मुद्रेवर शिकायला आलेल्याची उत्सुकता होती, दुसरं काही नव्हतं. मिस्त्रींनी मान वर करून बघितलं असतं तर त्यांनाही ते दिसलं असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांची हाक आली.

"सेफेरिनो, पेटी आण."

"काम संपू द्या की."

"आण म्हटलं ना. डबेपण आण."

मी पेटी वाळूवर ठेवली. त्यांनी वितीनं पेटी मोजली, डबे मोजले, मला पाय पुढे ठेवायला लावून माझा पायही मोजला. मग नवाकोरा साचा उचलला आणि वीतभर सरकवला.

"मिस्त्री! पुन्हा चुकताय!"

"गप. एकदा झाली ती चूक. दुसऱ्यांदा माप घेऊन करतो, ते काम."

मी पेटी उचलून बाजूला घेतली आणि त्यांना दगड पुढे करायला लागलो.

संध्याकाळी तेल्मा आली. पाणी मारलेल्या लाटा चमकत होत्या, माझी पेटी पुन्हा काळ्या लाटेवर होती. ती कारंज्याकडून चालत आली आणि पेटीशी थांबली. टेप बाहेर काढला. पेटीकडे बघितलं, डब्यांकडे बघितलं, पाटावर अजून बसलेल्या मिस्त्रींकडे बघितलं. टेप परत कमरेला अडकवला आणि आपला पांढराफटक बूट माझ्या पेटीवर ठेवला.

"लग्नाला जायचंय वाटतं?" मी विचारलं.

"रडतायत म्हणाला होतात ना? पुसा मग."

मी ब्रश घेतला. ती मिस्त्रींकडे वळली.

"एक विचारू? तुमची खूण रोसिओत आहे, असं मी शाळेत असल्यापासून ऐकतेय. कुठे आहे हो?"

मिस्त्रींनी हातातली हातोडी पुसून खाली ठेवली.

"तिथेच उभी आहेस, पोरी."

मी पेटीवर ब्रश ठोकला. दुसरा पाय.