तौहीनची भाकर

ज्या माणसानं माझं लेकरू पळवलं, त्याला मी महिनाभर माझ्या हातानं रांधून खाऊ घातलं. हे ऐकलं की लोक म्हणतात, केवढं मोठं मन तुमचं! मला त्या कौतुकाची शिसारी येते. माझं मन मुळीच मोठं नव्हतं. कायदाच तसा घाणेरडा होता.

त्या माणसाला नवरा म्हणायला माझी जीभ रेटत नाही, पण सांगायचं म्हणजे तेवढं म्हणावं लागतं. त्यानं सोलापूरकडच्या एका खेड्यात दुसरं घर केलं. त्या दुसरीला मूलबाळ नव्हतं. मला त्यानं मारून बाहेर काढलं, तेव्हा मी पोराला कडेवर घेऊन माहेरी, खटकचिंचोळीला आले. आमचा मुलूख निजामाचा, लोक त्याला मोगलाई म्हणत. सोलापूर इंग्रजांचं. माझ्या थोरल्या भावानं, अण्णानं, तालुक्याच्या कोर्टात दावा लावला. हुकूम उर्दूत निघाला आणि वकीलसाहेबांनी तो आम्हाला समजावून सांगितला. पोरगं सात वर्षांचं होईपर्यंत आईजवळ राहील, बापानं बाजाराच्या दिवशी भेटावं, पण मोगलाईबाहेर न्यायचं नाही. कागदावर शिक्का होता. तो शिक्का पाहून मला किती धीर आला होता, ते आठवलं की आज माझीच मला कीव येते.

पाच-सहा बाजार नीट गेले. मग एका बाजारी तो पोराला म्हणाला, "चल, गोडीशेव घेऊन देतो." चार वर्षांचं पोर, ते नाचत गेलं. बाजारातली पालं उठली तरी मी त्याचं टोपरं हातात धरून तिथंच उभी होते.

ते दोघं कल्याणीहून सोलापूरच्या मोटारीत बसले, हे नंतर कळलं. त्याच मोटारीतल्या आमच्या गावच्या एका बाईनं सांगितलं की सरहद्दीच्या नाक्यावर करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, शिपायांनी तिचं गाठोडं सोडलं, नव्या लुगड्यावर जकात घेतली, सुपारीची पुडीसुद्धा उकलून पाहिली. पोरगं सारखं रडत होतं. ते कुणाचं आणि कुठं चाललंय, हे एकानंही विचारलं नाही. लेकरावर जकात नव्हती.

पण त्याचं शेत इकडंच राहिलं होतं. उन्हाळ्याच्या तोंडी ज्वारीची रास करायला तो गुपचूप आला आणि कोर्टाच्या माणसांनी त्याला खळ्यावरच धरला. कोर्टाचे मुन्सफसाहेब संतापले. "अदालत की तौहीन!" असं ते तीनदा म्हणाले. तौहीन म्हणजे अपमान, हे अण्णानं मला हळूच सांगितलं. पोर आणून देईपर्यंत, फार तर तीन महिने, हवालात, असा निकाल झाला. मी मनातल्या मनात साहेबांच्या पाया पडले.

बाहेर आल्यावर वकीलसाहेब घसा साफ करत म्हणाले, "बाई, एक गोष्ट आहे. तुमच्या अर्जावर तो आत बसलाय. त्याची खुराकी तुमच्याकडं."

"म्हणजे?"

"जेवण. एक दिवस चुकला तर हवालातीचा दरोगा त्याला सोडून देईल. तसा कायदाच आहे."

मला वाटलं, चेष्टा करायलेत. चेष्टा नव्हती. रोख भरायला आमच्याकडं काही नव्हतं, तेव्हा दरोग्यानं मेहेरबानी केल्यासारखं सांगितलं की दुपारच्या आत शिजवलेलं आणून दिलं तरी चालेल.

अण्णानं हवालातीजवळ एक खोली बघून दिली. रोज सकाळी मी त्याच्यासाठी चूल पेटवायची. परातीत पीठ मळताना माझे हात जड व्हायचे. त्याच हातांनी त्याच्या लाथा अडवल्या होत्या, आणि आता तेच त्याच्या भाकरी थापत होते. तिकडं माझं पोर जेवलं की उपाशी, हे मला ठाऊक नाही, आणि हा मात्र रोज पोटभर जेवतोय! बरं, जेवून गप्प बसेल तर तो कसला. पाहऱ्याच्या शिपायाबरोबर निरोप यायचे. मीठ कमी पडतंय. पिठलं नको, वांगं कर. भाकर जरा पातळ थाप. मी मीठ वाढवायची, वांगं करायची, पातळ थापायची. दिवस चुकला तर तो सुटेल आणि तो सुटला तर पोर गेलं, एवढंच मला कळत होतं. महिन्याभरात त्याचे गाल वर आले. दरोग्याबरोबर तो पत्ते खेळायचा.

एकदा मी भाजीत थुंकले. आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, आज सांगते. दुसऱ्या दिवशी निरोप आला, कालच्यासारखीच कर.

महिना भरला आणि त्यानं माफीनामा लिहून दिला. साहेबांपुढं हात जोडून उभा राहिला, डोळ्यांत पाणीसुद्धा आणलं. माझी चूक झाली, अदालतचा मान मी राखला नाही, पोर आता दुसऱ्या बायकोच्या ताब्यात इंग्रजी मुलखात आहे, माझ्या हातात काही नाही. साहेबांचा चेहरा निवळला. पुन्हा असं करू नकोस म्हणून त्यांनी चार शब्द सुनावले आणि त्याला सोडलं.

मी ओरडले, "साहेब, माझ्या लेकराचं काय?"

शिपायानं मला गप्प केलं. वकीलसाहेब बाहेर येऊन म्हणाले, "बाई, गुन्हा तौहीनचा होता. तौहीन माफ झाली. तिकडं आपला हुकूम चालत न्हाई."

अपमान साहेबांचा होता, तो धुऊन निघाला. माझं पोर त्या खटल्यात कुठं नव्हतंच. अण्णा सोलापूरलाही जाऊन आला. तिथला वकील म्हणाला, बापानं स्वतःचं पोर नेलं, त्यात चोरी कसली?

निजामी गेली त्या हिवाळ्यात एक मिसरूड फुटलेला पोरगा आमच्या दारात येऊन उभा राहिला. कपाळ तेच होतं. मला हाक काय मारावी, ते त्याला सुचेना. बाप वारला होता, शेताच्या कागदावर पहिली बायको म्हणून माझी सही पाहिजे होती. म्हणून आला होता, मला भेटायला नव्हे. मी ताट वाढलं.

दोन घास खाऊन त्यानं विचारलं, "अप्पाला जेलात तूच घातलंस व्हय?"

"व्हय."

"अप्पा सांगायचे, तिथल्यासारखी भाकर पुन्हा कुठं मिळाली न्हाई."

मेल्यावरसुद्धा त्या माणसानं निरोप धाडला होता. माझ्या अंगाचा भडका उडाला. "सरकारची नव्हती ती. माझी होती. रोज मी करून द्यायची."

त्याचा हात ताटातच थांबला. "कामून?"

"तू परत यावास म्हणून."

मग त्यानं हात धुतला आणि पिशवीतून कागद काढून माझ्यापुढं ठेवला. तोवर मी सही करायला शिकले होते. केली. उठताना त्यानं ताटातली उरलेली अर्धी भाकर उचलली, कागदासोबत पिशवीत टाकली आणि मोटारीच्या वाटेला लागला. नाक्यावर त्या भाकरीचीही जकात पडणार नव्हती.