बाबांचा काळा रंग

आमच्या घरात गोष्टींची पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. बाबा ती लिहायचे, छापून आणायचे आणि आठवडी बाजारात वाटायचे. मी वाचायला शिकले ती त्यांच्यावरच. रंगाची लाज बाळगू नका, हे त्यांत कुठेतरी असायचंच. बाबा स्वतः काळेकुट्ट होते.

पिंपळगाव राजाच्या बाजारात ते भाषण करत असताना मी त्यांचा एक कृष्णधवल फोटो काढला. घरच्या इंकजेट प्रिंटरवर छापला, तर करडा रंग हिरवट उतरला आणि चेहऱ्याचा नुसता डाग झाला. डोळेसुद्धा दिसेनात. खामगावच्या स्टुडिओत नेला, तर मालकाने न विचारताच चेहरा उजळ करून दिला.

"हे कोणी सांगितलं तुम्हाला?"

"सगळ्यायचेच करतो ताई. आजवर कोणी वापस नाही आणला."

मी तो त्याच्या टेबलावर टाकून आले.

मग माझ्या प्रिंटरचं प्रोफाइल करून घेतलं. पांढऱ्यापासून काळ्यापर्यंतच्या चौकटींचा तक्ता माझ्याच प्रिंटरवर, माझ्याच जाड कागदावर छापून पुण्याला पाठवला. तिथे प्रत्येक चौकट यंत्राने मोजली गेली आणि फक्त माझ्या शाई-कागदासाठीची एक फाइल आली. कुठल्या छटेला किती शाई द्यायची, ते ती प्रिंटरला सांगते. पुढच्या प्रिंटमधला हिरवटपणा गेला. काळा काळाच राहिला, पण त्या काळ्यात कपाळावरच्या आठ्या, गालावरचा व्रण, ओठावरचा घाम, सगळं वेगवेगळं दिसू लागलं.

बाबांनी तो खिडकीशी नेऊन पाहिला. "म्हंजे मशिनीलेबी काळा माणूस पाहाले शिकवा लागते!" म्हणाले आणि खूप हसले.

गेल्या हिवाळ्यात बाबा गेले. पुण्यानुमोदनाच्या श्रद्धांजली कार्यक्रमासाठी मी तोच फोटो मोठा छापून आईकडे दिला. सकाळी अंगणात खुर्च्या मांडून आत आले, तर फ्रेममध्ये स्टुडिओवाला फोटो. उजळ, गुळगुळीत, गालावर व्रण नाही. आईने मामाला खामगावला पाठवून तो पुन्हा छापून आणवला होता.

"हे कोण आहे, आई?"

"तुहे बाबा."

"असे होते बाबा?"

"मले सांगून राह्यली का कसे होते?" बाहेर माणसं जमत होती, आई आवाज दाबून बोलत होती. "जनमभर लोकायनं 'ए काळ्या' म्हणूनच हाक मारली त्यायले. पत्रकं वाचून थांबला का कोणी? आज तरी राहू दे, माय."

सगळ्या पत्रकांतली सगळी वाक्यं मला पाठ होती. तीच फ्रेम उचलून मी अंगणात नेऊन ठेवली.

बुद्धवंदना झाली. लोक एकेक करून त्या उजळ माणसाला फूल वाहत गेले.

"फोटो फ्रेमीत हालत होता," संध्याकाळी आई म्हणाली, "म्हणून तुह्यावाला मागून लावला. जाड कागद हाय ना तो."

फ्रेम भिंतीवर आहे. प्रोफाइल संगणकात आहे. प्रिंटर मी त्यानंतर चालू केलेला नाही. आतली शाई एव्हाना वाळली असेल.