चंदेरी डब्यातलं तेल

मिस्त्री तेल बोटांनी ओळखायचे. इंजिनातलं तेल मोजायची सळई, डिपस्टिक, बाहेर काढली की टोकावरचा थेंब अंगठा आणि तर्जनीत घेऊन हळूहळू चोळायचे, बोटं दूर करून तार किती लांबते ते बघायचे आणि मग हात नाकाशी न्यायचे. गिऱ्हाईक तोवर श्वास रोखून उभं. "जळलंय," एवढंच ते म्हणायचे, कुणाच्या घरची वाईट बातमी सांगावी तसं.

गॅरेज चढाच्या माथ्यावर होतं. पुढे पत्र्याची शेड, मागे दोन खोल्यांचं घर. खालच्या शहराकडे उतरणारा एकुलता एक रस्ता दारावरूनच जायचा. त्याच रस्त्याने त्यांची बायको जुनी व्हॅन चालवायची. डायलिसिसचे पेशंट सकाळी खाली हॉस्पिटलात न्यायचे आणि संध्याकाळी वर आणायचे. व्हॅनचं इंजिन वर्षानुवर्षं साध्या तेलावर चाललेलं, आतून तपकिरी गाळानं लिंपलेलं. ती वळणाआड गेली की मिस्त्रींच्या हातातला पाना क्षणभर थांबायचा. आवाज विरला की पुन्हा फिरायचा.

त्या इंजिनाला जपणारं तेल शोधायचं त्यांनी मनावर घेतलं, आणि तीन सिंथेटिक तेलांचे डबे घरात आले: लाल, निळा आणि चंदेरी. प्रत्येकाचा नमुना काचेच्या बाटलीत भरून त्यांनी फ्रीजरमध्ये ठेवला.

"अहो, बर्फाशेजारी हे काय ठेवलंय?"

"हात लावू नकोस. थंडीत कोण लवकर हलतं ते बघायचंय."

"मी थंडीत लवकर उठते, ते कधी बघितलंत का?"

थंडीत तिन्ही तेलं ठीक वाहिली. खरी परीक्षा उष्णतेची होती. शेगडीवर पत्रा तिरका ठेवून, तो तापला की ते वरून तेल थेंब थेंब सोडायचे. खोलीभर कडवट धूर. दारात बसलेल्या सासूबाई पदरानं नाक झाकून म्हणायच्या, "जावईबापू, तापलं असेल तर सांगा, कणीक मळायला घेते."

लाल डब्यातल्या तेलानं पत्र्यावर काळी खरपुडी धरली. निळ्यानं चिकट तपकिरी थर ठेवला. चंदेरी मात्र नुसतंच ओघळून गेलं, मागे फिकट पिवळी रेघ. मिस्त्रींनी गंमत म्हणून तेच तेल लालच्या खरपुडीवर सोडलं आणि बघत राहिले. जरा वेळानं खरपुडीचे कपचे सुटले, तेलाबरोबर घसरत खालच्या वाटीत जाऊन पडले.

"बघितलंत?" ते सासूबाईंना म्हणाले. "जुनी घाणसुद्धा उचलून नेतंय."

"नेतंय कुठे पण?" सासूबाईंनी सहज विचारलं.

"वाटीत," असं म्हणून मिस्त्री हसले.

चंदेरी तेल आधी व्हॅनमध्ये पडलं. इंजिनाचा आवाज मऊ झाला. मग ज्यानं त्यानं तेच मागितलं. कारखान्याच्या बसचा ड्रायव्हर, प्रत्येक वळणाआधी हॉर्न वाजवतो म्हणून ज्याला सगळे भोंग्या म्हणायचे, तो तर अडूनच बसला. "वहिनींच्या गाडीला मलई आणि आमच्या बसला ताक होय, मिस्त्री?" त्याच्याही बसला तेच मिळालं. बस व्हॅनपेक्षाही जुनी होती.

काही आठवड्यांनी बायको म्हणाली, "उतारावर डॅशबोर्डवरचा तो तेलाचा लाल दिवा लुकलुकतोय."

मिस्त्रींनी डिपस्टिक काढली. तेल भरपूर, थेंब चोळला तर रेशमासारखा. "तेल कमी नाही. दिव्याचा स्विच खराब झालाय. नवा मागवतो. तोवर चिकटपट्टी लाव त्यावर, नाहीतर उगाच तुझं लक्ष जाईल."

तिनं काळी चिकटपट्टी लावली. भोंग्यानं हीच तक्रार आणली, तेव्हा मिस्त्रींनी बॉनेटसुद्धा उघडलं नाही. "स्विच," ते म्हणाले. "या हवेत सगळ्यांचेच जातायत."

त्यांची एक पद्धत होती. काढलेला तेलाचा फिल्टर ते कधी तसाच फेकत नसत. पालथा घालून पार निथळू द्यायचे, मग करवतीनं कापून आतल्या कागदाच्या घड्या उलगडून बघायचे. व्हॅनचा फिल्टर आदल्या दिवशी बदललेला होता. सकाळी बायको पेशंट घेऊन निघाली आणि मिस्त्रींनी तो कापायला घेतला.

घड्या उलगडेनात. त्यांच्यामध्ये काळे कपचे गच्च बसले होते. पत्र्यावरून वाटीत पडलेले, अगदी तसेच.

मिस्त्रींनी एक कपचा बोटांत धरून चुरडला. फिल्टर बदलता येतो. पण त्याच्याही आधी, इंजिनाच्या तळाशी, तेल वर ओढून घेणारी जाळी असते. ती कुणी रोज काढून बघत नाही. इंजिनात खाली वाटी नव्हती. खाली ती जाळी होती; ती कपच्यांनी बुजली की तेल वर चढतच नाही. आणि दिवा खरं सांगत होता.

त्यांनी फोन लावला. खाली दरीत रेंज नसायची. त्यांनी तशाच तेलकट हातांनी मोटरसायकल काढली.

"काय झालं हो?" सासूबाईंनी विचारलं.

"काही नाही," ते म्हणाले, आणि सासूबाई दारातून उठून उभ्या राहिल्या.

उतारावर ते प्रत्येक वळणावर आधी कठडा बघत होते, मग रस्ता. एका वळणापुढे व्हॅन दिसली. डोंगराच्या अंगाला टेकलेली, डावी बाजू पुढपासून मागपर्यंत खरवडलेली. पेशंट रस्त्याच्या कडेला बसले होते. बायको स्टिअरिंग धरूनच होती.

"टकटक वाजायला लागलं," ती म्हणाली. तिचा आवाज सपाट होता. "मग इंजिन आपोआप बंद. ब्रेक दगडासारखा झाला, दाबेचना. हँडब्रेक ओढला आणि घासत आणली."

पेशंटांपैकी एक निवृत्त गुरुजी म्हणाले, "आम्हाला पोचायचंच होतं हो ताई, पण हॉस्पिटलात. एवढ्या वर नाही." कुणी हसलं नाही. तेही हसले नाहीत.

मिस्त्रींनी बॉनेट उघडलं आणि डिपस्टिक काढली. तेल खुणेपर्यंत भरलेलं. त्यांनी थेंब बोटांत घेतला, चोळला, तार लांबवली. उत्तम तेल होतं. ते जिथे लागत होतं तिथे पोचलंच नव्हतं, एवढंच.

"अहो," बायको म्हणाली, "दिवा स्विचमुळे लुकलुकत नव्हता ना?"

मिस्त्रींनी डिपस्टिक पुसून परत आत सरकवली. तिनं वाकून चिकटपट्टी नखानं सोलली. मग हळूच विचारलं, "आणखी कुणाला सांगितलंत, स्विच म्हणून?"

वरच्या वळणावर हॉर्न वाजला. ओळखीचा, लांबलचक. पहिल्या पाळीचे कामगार घेऊन कारखान्याची बस खाली उतरायची वेळ होती. हॉर्न थांबला तसा त्याच्यामागचा आवाज मोकळा झाला. कोरडा, धातूवर धातू आपटणारा.

"सगळ्यांना वर घे, झाडीत! रस्त्यापासून लांब!" मिस्त्री ओरडले. बायकोनं गुरुजींना काखेत धरून उठवलं. मिस्त्री पुसायचं लाल फडकं हातात घेऊन चढावरून वळणाकडे पळत सुटले.

हॉर्न पुन्हा वाजला. या वेळी तो थांबलाच नाही.