व्याह्यांचा तापट डबा

साऱ्या नाशिक जिल्ह्यात घरच्या माणसांच्या आधी लोखंडी डब्याचा ताप बघणारा माणूस एकच असेल, आणि नेमका तोच माझ्या नशिबी व्याही म्हणून आला. लेकीचं स्थळ बघताना आम्ही मुलाचा पगार विचारला, घराण्यात कुणाला साखर आहे का ते विचारलं. पण सासरा निवृत्त झाल्यावर काय करणार, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. मला तर नाहीच. मी पंगतीत त्यांची मान खाली घालून जेवायची पद्धत बघितली आणि 'माणूस गरीब आहे, त्रास द्यायचा नाही' असा निकाल देऊन मोकळी झाले. माणसं ओळखण्यात माझा हात कुणी धरणार नाही, असा तेव्हा माझा समज होता.

जन्मभर कारखान्यात यंत्रावर काम केलेल्या या माणसाने निवृत्तीनंतर कॉम्प्युटर घेतला आणि त्यात गाव बांधायला काढलं. त्यांचं गाव सायखेडा. लहानपणी होती तशी गोदेकाठची गल्ली, घाट, कडुनिंब, सगळं त्यात उभं करायचं आणि शाळेतले जे सोबती अजून आहेत त्यांना गावात नेऊन दाखवायचं, एवढा एकच ध्यास. घरं झाली, झाडं झाली, पण नदीचं पाणी हलेना. पाणी हलवायला म्हणे दोन ग्राफिक्स कार्डं लागतात. कार्ड म्हणजे रेशनचं नव्हे, एवढं कळायला मला बऱ्याच फेऱ्या माराव्या लागल्या. विटेएवढं जाड असतं ते, आणि त्याला स्वतःचे पंखे असतात. आता दोन विटा बसायच्या तर कॉम्प्युटरचा लोखंडी डबा ऐसपैस हवा. पण माझी लेक म्हणाली, "बाबा, पिठाच्या डब्याएवढाच आणा. हॉलमध्ये जागा नाही." सुनेचा शब्द त्यांनी पाळला. डबा पिठाच्या डब्याएवढाच आला आणि विटा आत एकमेकींना खेटून बसल्या.

"वरच्या कार्डाला श्वासच मिळत नाही, विहीणबाई," ते मला सांगत. "खालचं जो गरम वारा सोडतं, तोच ते ओढतं."

मी म्हटलं, "दोन जावा एका ओट्यावर उभ्या केल्यात. दुसरं काय होणार?"

हे त्यांना इतकं पटलं की तेव्हापासून वरचं कार्ड थोरली आणि खालचं धाकटी झालं. माझ्याच तोंडाने मी हे संकट ओढवलं. कारण एकदा लेक फोन उचलेना म्हणून मी त्यांना लावला, तर म्हणाले, "थोरली फार तापलीय हो. धाकटी बरी आहे. थोरलीच्या अंगावरचं काढून पंख्यासमोर ठेवलीय." आणि मला नाती दोन. मी पंचवटीतून रिक्षा केली, ओल्या पट्ट्यांना जुनं धोतर फाडून घेतलं, आणि 'जोरात ने रे बाबा, नात तापलीय' म्हणत नाशिक रोडला पोचले. दोघी नाती भेळ खात बसल्या होत्या. टेबलफॅनसमोर डबा उघडानागडा बसला होता. रिक्षावाला भला, दवाखान्यात न्यायला लागेल म्हणून खालीच थांबलेला. त्याला काय सांगणार? वर बोलावून चहा दिला. त्याला भेळही मिळाली.

दुसऱ्या एका खेपेला गेले तर व्याही डब्यासमोर उदबत्ती फिरवत होते. मी चपला काढल्या, हात जोडले, डोळे मिटून आरतीची एक ओळही म्हटली. ते थांबले नाहीत, मध्ये बोललेही नाहीत. माझी ओळ संपल्यावर हळूच म्हणाले, "वारा कुठून आत जातो ते धुरावरून बघतोय." मी तरी नमस्कार पूर्ण केला. सुरू केलेली गोष्ट मी अर्धी सोडत नाही.

हाच माझा गुण पुढे नडला. ते रोज दाढीच्या ब्रशने डब्याची धूळ झाडत. मला वाटलं, एवढ्या शहाण्या माणसाला साधी गोष्ट सुचत नाही. माझ्या घरात टीव्ही, मिक्सर, पाण्याचा फिल्टर, सगळ्यांना मी विणलेले रुमाल आहेत. या डब्यालाही विणला, दाट विणीचा, वर मोर, चारी बाजूंनी झालर. व्याह्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला आणि स्वतः चढवला. विहिणीने दिलेली वस्तू त्यांच्या घरात बाजूला ठेवत नाहीत.

त्यानंतर डबा काम करता करता बंद पडायला लागला. दिवसभर खपून पडद्यावर हलवलेलं नदीचं पाणी वाया जायचं. एकदा जळका वास आला आणि लेक घाबरली. "आई, घरात मुली आहेत. दिवाळीच्या साफसफाईत हा डबा भंगारात जाणार. तू सांग त्यांना, सासऱ्यांपुढे माझं तोंड उघडत नाही."

माझं उघडतं. मी गेले. व्याही झालर वर करून डब्यामागे तळहात धरून बसले होते, तवा तापला का बघावा तसे. डबा जाणार हे त्यांना आधीच कळलं असावं, कारण चेहरा उतरला होता. मीही झालरीखाली हात घातला, तर चटका बसला. मी विचारलं, "याची हवा बाहेर पडायची भोकं कुठे आहेत?"

"वरच्या बाजूला."

"म्हणजे मोराखाली?"

"पिसाऱ्याखाली म्हणा. मोर छान जमलाय."

"अहो, मग काढून ठेवायचा."

"तुम्ही गेल्यावर काढत होतो," ते म्हणाले. "पण एकदा तुम्ही विसरलेली छत्री घ्यायला परत आलात. आणि येताना तुम्ही फोन करत नाही."

मी रुमाल ओढून काढला आणि लेकीला हाक मारली. भंगारात काही द्यायचंच असेल तर हा मोर दे, म्हटलं. ती आधी हसली, मग माझ्याकडे बघून थांबली. शोकेसवरच्या बाहुल्या तिने खाली उतरवल्या आणि डबा तिथे, भिंतीपासून हातभर पुढे, मोकळ्या वाऱ्यात ठेवला. तिथे थोरलीही सुखाने नांदायला लागली.

दिवाळीनंतर त्यांनी मला गाव दाखवलं. पाणी खरंच हलत होतं. पण गल्लीत माणूस नाही, कुत्रं नाही.

"गावात पटकी आली होती का?" मी विचारलं.

"माणसं टाकली की डबा तापतो, विहीणबाई."

"एक तरी टाका. नाहीतर तुमचे सोबती घाबरून पळतील."

पुढच्या खेपेला मी आधी फोन करून गेले. घाटाच्या शेवटच्या पायरीवर एक बाई होती. नऊवारी, खांद्यावर पदर, पाठमोरी.

"ही कोण?"

"आई."

"मग पाठमोरी का?"

"ती गेली तेव्हा मी फार लहान होतो. फोटो नाही. चेहरा आठवत नाही."

"गावात कुणाला तरी आठवत असेल."

"सोबत्यांतले काही माझ्याहून मोठे आहेत. त्यासाठीच तर त्यांना नेतोय," ते म्हणाले.

मी खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसले. पडद्यावर बाई हंडा बुडवत होती, उचलत होती, पुन्हा बुडवत होती, आणि आम्ही दोघं म्हातारे ती वळते का ते बघत बसलो होतो.