घाटकोपरची तळटीप

एम.ए.ला अठराव्या शतकातल्या एका जर्मन कारागिरावर मी प्रबंध लिहिला तेव्हा आमच्या चाळीत कुणाला त्याचं घेणंदेणं नव्हतं. मला होतं. हा माणूस आयुष्यभर दुसऱ्यांची चित्रं तांब्याच्या पत्र्यावर कोरत बसला, त्यांचे छाप काढता यावेत म्हणून. नाव झालं चित्रकाराचं. ह्याचं खाली कोपऱ्यात, बारीक अक्षरात. असल्या गोष्टींचा मला भयंकर राग येतो.

त्याच्या कामातली एक गोष्ट काही केल्या कळेना. एका चित्रात म्हातारीच्या गालावर शेकडो रेघा, आणि वळणावर एकही अडखळलेली नाही. कॉलेजच्या लायब्ररीतली पुस्तकं पालथी घातली, व्यर्थ. शेवटी ते चित्र बाबांना दाखवलं. बाबा स्टेशनजवळच्या भांड्यांच्या दुकानात बसून स्टीलच्या डब्यांवर, कळशांवर लोकांची नावं घालायचे. चित्राला नाक टेकवून ते म्हणाले, "ह्येना हात नाय फिरवलो. पत्रो फिरवलो." ते स्वतः तसंच करायचे. गोल अक्षर आलं की छिन्नी जागच्या जागी, फिरायचा तो डबा. मी तांब्याचा तुकडा घेऊन करून बघितलं. अगदी खरं.

प्रबंधात ते लिहिलं आणि तळटीपेत बाबांचं नाव दिलं. व्यवसाय, भांड्यांवर नावं घालणे. घाटकोपर.

प्रबंधाचे मार्गदर्शक सर हसले. "असला संदर्भ चालत नाही. काढ ती तळटीप. स्वतःचं निरीक्षण म्हणून लिही ना. फर्स्ट क्लास घालवशील हं."

म्हणजे बापाचं चोरू? डोकंच फिरलं माझं. "नाही काढणार, सर," म्हटलं आणि उठले.

घरी बाबाही सरांच्याच बाजूने. "काढून टाक गो. माजा नाव कित्याक व्हया थंय?" फर्स्ट क्लासशिवाय शाळेतली नोकरी मिळणार नाही, हे त्यांना माहीत होतं. मलाही. तरी मी त्यांच्यावरच उखडले. "जन्मभर लोकांची नावं घातलीत. तुमचं एकदा छापलं तर कुणाचं काय जातंय?"

ते जेवायला बसले.

सेकंड क्लास मिळाला. नोकरी हुकली. हुकू दे, त्या तळटीपेचा मला आजही पश्चात्ताप नाही. प्रबंध बांधून घरी आला तेव्हा बाबांनी हळूच विचारलं, "खंयच्या पानार?" मी पान काढून दिलं. ते बराच वेळ बघत राहिले. दुसऱ्या दिवशी जेवणाचा डबा घरीच विसरले, पण प्रबंध पिशवीत घालून दुकानात घेऊन गेले.