फुलदाणीपुढं बोलणारी माणसं

बापूकाका सिनेमात विनोद यायच्या आधी हात वर करायचे. मशीन लावून पडद्याशेजारी उभे राहायचे, शाळेतल्या मास्तरांसारखे. हात वर गेला की आपण हसायचं. आमची गल्ली सगळी मिळून खाकरायची.

साहेबाच्या क्लबात त्यांनी कारकुनी केलेली. साहेब जाऊन पंचवीस वर्षं होत आली तरी हे चहा बशीत ओतायचे नाहीत. क्लब मोडला तेव्हा बाकीच्यांनी खुर्च्या नेल्या, कपबश्या नेल्या. ह्यांनी प्रोजेक्टर आणला आणि एक इंग्रजी सिनेमा. एकच. बोलपट नुकते बोलायला लागले तेव्हाचा, आणि म्हणे विनोदी. एक खोली, एक सोफा, एक दार. दार आपटलं की मागची भिंत हलायची. कामं उरकून टाकायची रीत साहेबाकडंही असावी!

बारसं असो, मुंज असो, तालमीपुढं धोतर ताणून हा सिनेमा लागायचाच. मी लग्न होऊन आले त्या आठवड्यात पहिल्यांदा पाहिला. इंग्रजी कुणाला कळत नव्हतं, पण एक गोष्ट सगळ्यांना दिसली. ज्याला बोलायचं तो उठून टेबलाजवळ यायचा आणि तिथल्या फुलदाणीवर मान झुकवून बोलायचा. बारीक बाई, तिचा तो मिशीवाला, जाडा मामा, सगळे तसेच.

"अस्थी हायत त्यात," शेजारच्या रखमाआक्का म्हणाल्या. गल्लीत शेवटचा शब्द त्यांचा. "बाईचा नवरा गेलाय."

झालं! बायांनी पदर डोळ्यांना लावले.

बापूकाकांनी मशीन थांबवलं. "आक्का, त्यात माईक लपवलाय! आवाज पकडायला!"

"आमास्नी नगा शिकवू. माईक वर बांबूला टांगत्यात. शूटिंगला गर्दीत हुबी ऱ्हायलेली हाय मी."

"अहो, त्या वेळी तो बांबू नव्हता!"

"एवढा राज्य करणारा सायेब, आन् बांबू न्हवता?"

गल्ली खदखदून हसली. सिनेमाला नव्हे, बापूकाकांना.

"सूनबाई," मला म्हणायचे, "ह्या सिनेमाला कुणीतरी हसलेलं एकदा ऐकायचंय मला. मग डोळे मिटले तरी चालतील." त्यासाठी काय नाही केलं त्यांनी! एकदा भिंगापुढं अंगठा धरून फुलदाणीच झाकली. "इसर्जन झालं," आक्का म्हणाल्या, आणि बायांनी हात जोडले.

हळूहळू कीर्ती पसरली. पेठ वडगावहून एका घरचं बोलावणं आलं, वडिलांच्या वर्षश्राद्धाला. एवढा दुःखी सिनेमा दुसरा नाही, असं त्यांनी ऐकलेलं. बापूकाका आधी भडकले. मग म्हणाले, "नवं गाव आहे. आक्का तिथं नाहीत." आम्ही निघालो, तर टेम्पोत आक्का आधीच बसलेल्या.

वडगावात आक्कांनी सुरुवातीलाच सगळ्यांना अस्थींचं सांगून टाकलं. अंगण मुसमुसायला लागलं. तेवढ्यात पडद्यावर जाडा मामा फुलदाणीजवळ आला आणि तिच्यातच फाडकन शिंकला. "अरं देवा!" सगळं अंगण कळवळलं. मशीनमागं बापूकाकांचा धीर सुटला. उपरण्याचा बोळा तोंडात, खांदे गदगदतायत, डोळ्यांतून धारा.

गेलेल्या वडिलांची म्हातारी बायको उठून आली. पाठीवर हात ठेवून म्हणाली, "रडू नगा, पावणं. आमचं मालक तुमच्या वळखीचं बी न्हवतं, तरी केवढं रडलासा." मग वाकून तोंडाकडं पाहिलं. "हसताय व्हय?"

बापूकाका पांढरे पडले. "माफ करा, आई. सिनेमा विनोदी आहे."

म्हातारीनं पडद्याकडं पाहिलं. मामा फुलदाणी पुसत होता. "मग आधी न्हाय का सांगायचं?" म्हणाली. तिथंच मशीनजवळ बसली आणि हसायला लागली. पोट धरून, एकटी, शेवटच्या रिळापर्यंत. पोरगा उठवायला आला तर त्याला हातानं बाजूला सारलं, मधे येतोस म्हणून.

परतताना टेम्पोत आक्का हळहळल्या, "दुःखानं डोस्कं फिरलं बिचारीचं."

 पुढं बापूकाकांनी तो सिनेमा लावला नाही. दोनेक वर्षांनी ते गेले. शेवटच्या दुखण्यात मी विचारलं होतं, काका, परत का नाही लावला?

"हसलं की एक माणूस," म्हणाले. "बास झालं."