गुलाबी हजर आहे

रविवारी सकाळी दूध आणायला निघाले आणि चिकनच्या दुकानासमोरची रांग बघून पाय थांबले. रांग पार रिक्षा स्टँडपर्यंत. एका काकूंना विचारलं, आज काय विशेष? ही बाई कुठल्या गावची, अशा नजरेनं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. म्हणाल्या, "गटारी नाय का आज."

दूध राहिलं बाजूला, मी फोन काढला. कारण आमची गुलाबी तेव्हा मनस्वीच्या घरी होती...

सांगते. मी भिवंडीत शेलार गावाच्या बाजूला एका शाळेत तिसरीला शिकवते. गेल्या वर्षी, हाच वर्ग दुसरीत असताना, कुणीतरी हातगाडीवरचं रंगवलेलं कोंबडीचं पिल्लू दप्तरात घालून आणलं. गुलाबी रंगाचं. ही पिल्लं जगत नाहीत असं सगळे म्हणाले, पण हे जगलं.

मग रंग उडाला, पांढरी पिसं आली, तुरा फुटला. एक दिवस गणिताच्या तासाला गुलाबीनं चक्क बांग दिली आणि कळलं की हा कोंबडा आहे. पण वर्ग नाव बदलायला तयार नाही. मुलं अजूनही त्याला 'ती'च म्हणतात, आता मीही म्हणते.

तिचा थाट काय विचारता... व्हरांड्यात जाळीची पेटी, दाण्यापाण्याच्या पाळ्या. हजेरीत शेवटचं नाव तिचं, आणि तिच्या वतीनं अख्खा वर्ग ओरडतो, "हजर बाई!" सुट्टीच्या दिवशी पाळीपाळीनं कुणीतरी तिला घरी न्यायचं. मे महिनाभर ती माझ्या बाल्कनीत होती, शेजारी अजून नीट बोलत नाहीत.

या शनिवारी पाळी होती मनस्वीची. वर्गातली सगळ्यात गप्प पोर. लिहिते सुरेख, पण तोंड उघडायचं नाव नाही. हजेरीला स्वतःचं नाव आलं की नुसतं बोट वर. गाणी झाली, गोष्टी झाल्या, लाडीगोडी झाली... मी हात टेकले होते.

मी मूळची लातूरकडची. गटारीचं इथे केवढं प्रस्थ आहे ते इतक्या वर्षांनीही माझ्या डोक्यात बसत नाही. श्रावण लागायच्या आधी घरोघरी कोंबड्यावर ताव मारतात, आणि मी ऐन आदल्या दिवशी एक धडधाकट कोंबडा हौसेनं टोपलीत घालून दिला. अक्कल गहाण ठेवणं म्हणतात ते हेच.

फोन कुणी उचलेना. तशीच स्कूटी काढली.

अंगणात चपलांचा ढीग, घर पाहुण्यांनी भरलेलं, चुलीवर मसाल्याचा घमघमाट. आजी म्हणाल्या, "या बाई, बऱ्या वेळेला आलात, जेवूनच जा." सोमवारी वर्गाला काय सांगायचं, याची वाक्यं मी मनात जुळवायला लागले होते...

तेवढ्यात मागच्या दारानं मनस्वी आली. काखेत गुलाबी. जिवंत, आणि नेहमीसारखी रागावलेली.

झालं होतं असं. दिघाशीहून तिचे मामा आले. अंगणात बांधलेला कोंबडा बघून त्यांना वाटलं, दाजींनी खास आपल्यासाठी आणलाय. उचलला आणि सुरी घेऊन निघाले परसात. एरवी आईच्या पदराआड लपणारी ही भाची त्यांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली.

"ह्यो आमच्या वर्गातला हाय. याची हजेरी लागते. सोमवारी बाईंनी नाव घेतला त मी काय सांगू?"

हे मला मामांनीच हसत हसत सांगितलं. "शाळेतला पोर म्हटल्यावर मी तरी काय करणार, बाई?" मग बिचारे स्वतःच जाऊन त्या दुकानाच्या रांगेत उभे राहिले.

मी जेवले. तांदळाची भाकरी आणि झणझणीत रस्सा... हो, चिकनचाच. गुलाबी समोर अंगणात भाकरीचे तुकडे टिपत होती. कुणाला हे ढोंग वाटेल, तर वाटो.

सोमवारी हजेरी घेतली. मनस्वीचं नाव आलं. सवयीनं मी बोट बघायला मान वर केली, तर आवाज आला. "हजर बाई." जरा घोगरा, वर्गाला अनोळखी.

शेवटी म्हटलं, गुलाबी.

एरवी या नावाला छप्पर उडतं. त्या दिवशी एकही पोर ओरडलं नाही. गोष्ट वर्गात आधीच पसरली होती. सगळे वळून मनस्वीकडे बघत गप्प बसले, तिनं बोलावं म्हणून. ती उभी राहिली आणि एकटीनं म्हणाली, "हजर."

दुसरीपासून मी तिला स्वतःसाठी बोल म्हणून सांगत होते. ती बोलली ती दुसऱ्या कुणाचा जीव वाचवायला. आणि बाकीच्यांनी त्या दिवशी गप्प बसून तिला जागा दिली, हे तर मी शिकवलंही नव्हतं. माझा वर्ग आहे हा... आज मिरवू द्या मला.